विशाखाची सही

माझी धाकटी जाऊ विशाखा जालना रोडवरच्या एका खासगी कॉलेजात बीसीएच्या मुलांना शिकवते. तासिका तत्त्वावर, म्हणजे दर जूनला नवी ऑर्डर आली तर नोकरी, नाही तर घरी. मीही कॉम्प्युटर घेऊनच बीएस्सी केलं, टक्के तिच्यापेक्षा जास्त. हे मी कुणाला सांगत नाही, पण विसरतही नाही. माझं लग्न झालं तेव्हा सुनेनं नोकरी करायची रीत या घरात नव्हती. ती आली तोवर रीत बदलली. मुकुंदवाडीच्या घरात ती वर राहते, मी खाली. साडेनऊला जिन्यावर तिच्या सँडलचा आवाज आला की माझी पोळी हमखास जाड होते.

तिच्या वाट्याला विषयही कुणाला नको असलेला आला. माहिती प्रणालीतली नीतिमत्ता आणि सामाजिक जबाबदारी. मार्क थोडे, प्रॅक्टिकल नाही, म्हणून सगळ्यांत नव्या बाईच्या गळ्यात मारलेला. मला बरं वाटलं होतं. पण तिनं त्याचंही सोनं केलं. पहिल्याच तासाला ती पोरांना म्हणते, मोबाइल उघडा आणि शेजारच्याच्या हातात द्या. कोणी देत नाही. मग विचारते, स्वतःचा द्यायला हात आखडतो, मग गावाची माहिती गोळा करताना का आखडत नाही? सासूबाईंना हे कळलं तेव्हा म्हणाल्या, “लई कडक हाय माही सून.” मीही सूनच, समोर मेथी निवडत होते.

यंदा करमाडच्या श्रेया नावाच्या विद्यार्थिनीनं प्रकल्प म्हणून आमच्या समाजाच्या वधू-वर पुस्तिकेचं ॲप केलं. दोनशे बारा मुली. फोटो, उंची, शिक्षण, फोन नंबर, सगळं बोटावर. पुस्तिका काढणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षा रत्नमालाताई कॉलेज चालवणाऱ्या संस्थेतही आहेत. मे महिन्यातल्या मेळाव्यात ॲपचं उद्घाटन, असं त्यांनी जाहीरही करून टाकलं. फक्त प्रकल्पावर शिक्षिका म्हणून विशाखाची सही राहिली होती, आणि ती देईना. तिचं म्हणणं, माहिती पुस्तिकेसाठी दिली होती, तीही बहुतेक घरच्यांनी. आता एकेकीला भेटून तिच्याबद्दल काय लिहिलंय ते वाचून दाखव आणि विचार, असं तिनं श्रेयाला सांगितलं. रत्नमालाताईंनी निरोप धाडला की सही नसेल तर जूनमध्ये या बाईंची गरज आहे का, तेही बघावं लागेल.

कुरडया वाळत घालताना विशाखानंच मला हे सांगितलं. मी अरेरे म्हटलं. मनात म्हटलं, राहू दे घरी वर्षभर, कळू दे.

दुसऱ्या दिवशी रत्नमालाताई जय भीम म्हणत दारात. हातात कागद: आम्हा कुटुंबांची काही हरकत नाही. माझी बहीण सोनिया घटस्फोटानंतर दोन वर्षं माझ्याकडेच आहे. पुस्तिकेचा तिचा फॉर्म मीच भरला होता. मी सही केली, चांगली ठसठशीत.

चार दिवसांनी श्रेया आली. सोनिया केस वाळवत बसली होती. पोरीनं वही उघडून सावकाश वाचलं. नाव, वय, उंची, घटस्फोटित. मग, “स्वभाव शांत. तडजोडीस तयार. विधुर, दोन मुलं असली तरी चालेल.”

सोनियानं माझ्याकडं बघितलं. “ताई, हे मी कधी म्हणाले?”

फॉर्ममध्ये रकाना होता, काहीतरी लिहावं लागतं, असं मी पुटपुटले.

“ठेवू का काढू?” श्रेयानं विचारलं. मला नाही, तिला.

“काढ,” सोनिया म्हणाली. मग केस मागे सारत, “विशाखावहिनी असं शिकवतात व्हय तुम्हाला?”

तो आवाज! दोन वर्षं मी तिला ताटावर बसवून वाढलं, पण माझं नाव घेताना तिचा आवाज कधी असा झाला नाही. त्या दिवशी विशाखाच्या नोकरीपेक्षा जास्त मला सोनियाच्या आवाजातला तिचा हा एवढा वाटा सलला.

तरी दुसऱ्या दुपारी सोनियाला घेऊन मी रत्नमालाताईंकडं गेले, कागद मागितला आणि माझी सही खोडली. त्या हसल्या. “जावेचा पुळका आला का गं?”

“बहिणीसाठी खोडली,” मी म्हटलं. “जावेचं मला काही सांगू नका.”

सोनियानं पेन घेतलं आणि खोडलेल्या सहीखाली लिहिलं, मला विचारलं नव्हतं. खाली स्वतःचं नाव. रत्नमालाताईंनी ती ओळ वाचली आणि कागद घडी करून ठेवला. असा कागद संस्थेपुढं ठेवून विशाखाला चूक ठरवायचं कसं? उद्घाटन दिवाळीनंतर ढकललं गेलं. श्रेया अजून घरोघर फिरतेय; एकसष्ट मुलींनी काढायला सांगितलंय.

जूनमध्ये ऑर्डर आली. विशाखा पेढे घेऊन आधी खाली आली. सोनियानं तिला सगळं सांगितलेलं दिसलं. विशाखा म्हणाली, “ताई, एकदा माझ्या वर्गात याल? फॉर्म कसा भरला गेला, ते तुमच्या तोंडून पोरांनी ऐकायला पाहिजे.”

इतक्या वर्षांनी कॉलेजातून बोलावणं आलं, तेही माझी चूक सांगायला, आणि तिच्या वर्गात. मी अजून हो म्हटलेलं नाही. तास किती वाजता असतो, एवढं मात्र विचारून घेतलं.