स्पीकरमधली घूं

सर्व संबंधितांस कळवण्यात येते, की आमच्या स्पीकरमध्ये महिनाभर एक घूं मुक्कामाला होती. गाणं संपलं की हिचा आलाप सुरू! मेकॅनिक सावंतांनी घरातला एकेक प्लग उपटला. फ्रिज निर्दोष सुटला, ट्यूबलाइटही सुटली. शेवटी अ‍ॅम्प्लिफायरशेजारचा जुना, आता बिघडत चाललेला मोबाइल चार्जर काढला आणि घूं थांबली. घर इतकं गप्प झालं, की शेजारच्या कुकरची शिट्टी आमच्याच ओट्यावर वाजल्यासारखी वाटली. ओट्यावर मी एकट्यापुरता चहा ठेवला होता.

"काका, रिकामा चार्जर बारा महिने कशाला लावून ठेवता? टाकून देऊ?" सावंतांनी विचारलं.

माझा मुलगा परदेशातून आला, की पहिल्यांदा मोबाइल तिथंच लावतो. दोन वर्षांत आलेला नाही.

"ठेवा तो तिथंच!" मी ओरडलो. "घूं चालेल मला!"