वीतभर जागा

मुलांनो, आपल्या बागेतल्या छोट्या ट्रॅक्टरखालचा गवत कापायचा कटर गंजून फाटला, म्हणून सलीममिस्त्रींनी काल दुसऱ्या कंपनीचा आणून बसवला. भोकं जुळत नव्हती. मधे लोखंडी पट्ट्या जोडून त्यांनी तो कसाबसा अडकवला आणि म्हणाले, "आजी, नवरदेव म्हातारा, नवरी तरणी. पत्रिका कुठली जुळायला!" मी हसले. आजोबांनंतर पहिल्यांदाच ट्रॅक्टरचा तो ओळखीचा आवाज बागेत घुमला.

तुमच्या दोन चिकूंपाशी मात्र ट्रॅक्टर अडला. तुम्हा जुळ्यांच्या बारशाला आजोबांनी ती रोपं जुन्या कटरची रुंदी मोजून, दोन्हीकडे वीतभर जागा सोडून लावली होती. खोडं जाड होतील हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. नवा कटर तर आणखी रुंद.

"एक झाड काढलं की वाट होईल," मिस्त्री म्हणाले.

"कुणाचं काढू?" मी विचारलं. त्यांनी ट्रॅक्टर मागे घेतला.

माणूस जागा सोडतो ती हाताशी असलेल्या मापानं. तुम्ही वाढाल हे आम्हाला ठाऊक होतं. इतके दूर जाल हे कुठल्या मापात बसवणार होतो?

आज सगळी बाग नीटनेटकी दिसते आहे. फक्त त्या दोन झाडांमधलं गवत गुडघ्याएवढं उभं आहे. सकाळी विळा घेऊन तिथे बसले, तेव्हा आठवलं की तुम्ही इथे राहत होता तेव्हा त्या जागी कापायला काही नसायचंच. तुमच्या पळापळीनं तिथे गवत टिकतच नसे.