बिघाडबाई आणि दाराची पाचर

बिघाडबाई हे नाव मुलांनी ठेवलं होतं. आपलं टोपणनाव कळलं की शाळेतले मास्तर आठवडाभर तोंड पाडून हिंडतात. बाईंना मात्र ते इतकं आवडलं, की मुख्याध्यापकांचा धाक नसता तर त्यांनी वर्कशॉपच्या दारावर त्याची पाटीच लावली असती. नाव खोटंही नव्हतं. शाळेत जे जे बंद पडत होतं, त्यातलं निम्म्याहून जास्त बाईंनी स्वतःच्या हातानं बंद पाडलेलं असायचं. मुलांना याचा पत्ता नाही, अशी त्यांची समजूत होती. मांजर डोळे मिटून दूध पितं, त्यातलाच प्रकार.

हाताची ही खाज लहानपणापासूनची. शाळेत जाऊ लागायच्या आधीच त्यांनी घरातलं गजराचं घड्याळ उघडून पाहिलं होतं. परत जोडलं तेव्हा एक बारीकसं चाक शिल्लक राहिलं आणि घड्याळ रोज अर्धा तास पुढे पळू लागलं. आईनं कपाळावर हात मारून घेतला. वडील मात्र त्या दिवसापासून जन्मात पहिल्यांदा वेळेवर कामाला जायला लागले.

पुढे लग्न झालं आणि पहिल्याच आठवड्यात नव्या सुनेनं सासूबाईंचा मिक्सर खोलला. सासूबाई चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी मिक्सर आवाज न करता फिरला, तेव्हा त्यांनी शेजारणीला हाक मारून सांगितलं, की तुझं ते रडकं यंत्र आमच्या सुनेकडे आण. असं करत करत स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात दुकान सुरू झालं आणि तिथून रस्त्यावरच्या गाळ्यात गेलं. बाईंनी पुष्कळ वर्षं ते चालवलं. मग वस्तू इतक्या स्वस्त झाल्या, की बिघडली की टाकून द्यायची रीतच पडली. गाळा बंद करायची वेळ आली, त्याच सुमारास हायस्कूलमध्ये नववी-दहावीला ‘घरगुती उपकरणांची दुरुस्ती’ असा विषय आला आणि बाई गाळ्यातून वर्गात आल्या.

या विषयाला शाळेत मान किती, ते सांगायला नकोच. गणित येत नाही? पाठवा वर्कशॉपमध्ये. वर्गात गडबड करतो? वर्कशॉप. मुख्याध्यापकांना तर चालती-बोलती मुलंच फारशी आवडत नसत. त्यांचा जीव काचेच्या कपाटातल्या ढाली आणि चषकांवर. रोज सकाळी ते रुमालानं एकेक चषक पुसत आणि जागा कमी पडते म्हणून हळहळत. हळहळताना त्यांची नजर वर्कशॉपच्या मोठ्या खोलीकडे जायची.

सरावासाठी शाळेनं बाईंना एक सुंदर फळा दिला होता. त्यावर दिवे, पंखा, घंटी बसवलेली आणि खाली बटणांची रांग. एकेक बटण दाबलं की एकेक बिघाड तयार. महिन्याभरात मुलांनी तो फळाच पाठ केला. पक्कड नावाची एक मुलगी होती. धरलेली गोष्ट सोडायची नाही म्हणून तिला पक्कड म्हणत. ती तर बटण दाबायच्या आधीच उत्तर द्यायची. ही दुरुस्ती नव्हे, हे पाढे झाले, असं बाईंना वाटलं. बिघाड अचानक यायला हवा. तो कुठं लपलाय ते कळता कामा नये आणि बाजूला कुणीतरी घामाघूम होऊन ओरडत असायला हवं. दुसऱ्याच दिवशी स्टाफरूमचा पंखा बंद पडला.

तेव्हापासून दीड वर्ष हे चाललं होतं. पण बाईंच्या लबाडीलाही शिस्त होती, आणि तीच शिस्त त्या मुलांनाही शिकवत. कुणाला इजा होईल असं काही उघडायचं नाही. विजेचं काम असेल तर मेन स्विच बंद करून त्या पेटीची किल्ली बाईंच्या कमरेला. आणि काढलेला भाग कागदाच्या पुडीत बांधायचा, वर त्याचं नाव लिहायचं आणि ज्यानं काढला त्यानं तो स्वतःच्या खिशात ठेवायचा. दुसऱ्याच्या वस्तूचा तुकडा हरवला तर आपण कारागीर नाही, चोर, असं त्या म्हणत.

या सगळ्यात भरडले जात होते ते शिपाईमामा. शाळेच्या किल्ल्या, दारं, नळ, घंटा सगळं त्यांच्या ताब्यात. प्रत्येक बिघाड ते स्वतःचा अपमान समजायचे. शाळेत कुणीतरी चोर शिरलाय, अशी त्यांची खात्री झाली होती, आणि ही खात्री ते रोज नेमके बाईंनाच बोलून दाखवत. बाईही मान हलवत, चहा पुढे करत आणि चोराला चार शिव्या घालत.

घोटाळा झाला तो मुलांच्या हुशारीनं. ती इतकी तयार झाली, की बिघाड कुणाच्या लक्षात यायच्या आधीच दुरुस्त होऊ लागला. मुख्याध्यापकांनी सरळ हिशेब मांडला, की आपल्या शाळेत काही बिघडतच नाही, तर दुरुस्तीचा वर्ग हवाच कशाला? वर्कशॉप बंद करून तिथं चषकांचं दालन करायचा ठराव तयार झाला. संस्थेच्या अध्यक्षा, ज्यांना सगळे ताईसाहेब म्हणत, त्या शाळा बघायला येणार आणि त्याच दिवशी सही करणार असं ठरलं.

त्या खोलीवर बाईंचा जीव होता. दिवसभर ‘ढ, ढ’ ऐकून आलेलं पोर तिथं एखादी इस्त्री उघडायचं, आत डोकावायचं आणि त्याचा चेहरा बदलायचा. तो चेहरा पुन्हा दिसणार नाही या विचारानं त्यांना खरोखर रडू आलं. मग नाक पुसून त्यांनी बेत आखला. ताईसाहेब सभागृहात बोलायला उभ्या राहतील आणि माइक बंद पडेल. सगळ्या शाळेसमोर मुलं तो दुरुस्त करतील. मग काय बिशाद आहे वर्ग बंद करायची!

त्या दिवशी सकाळी बाई वर्कशॉपमध्ये येतात तो मामा दारात हजर, आनंदानं फुललेले.

“बाई, चोरानं आज डाव साधलाच होता. माइकची वायर आतून सोडवून ठेवलेली. पण मी काय झोपलोय? बसवली परत. आता ताईसाहेब दुपारपर्यंत बोलल्या तरी आवाज जायचा नाही.”

बाईंनी स्टुलावर बसकण मारली. खोटं बोलायचं त्राणच उरलं नव्हतं.

“मामा, ती वायर मी सोडवली होती.”

मामांना कळायला वेळ लागला. मग त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. स्टाफरूमचा पंखा? मीच. सरांच्या खुर्चीचं चाक? तेही. आणि घंटा? बाईंनी मान खाली घातली. पोरांना शिकवायला खरा बिघाड लागतो, आज माइक बोलला की माझा वर्ग संपला, असं त्यांनी कसंबसं सांगितलं.

“घंटेला तरी हात लावायचा नव्हता, बाई,” एवढंच म्हणून मामा निघून गेले.

कोपऱ्यात पक्कड वायसर निवडत बसली होती, याचं बाईंना भानच नव्हतं. त्यांनी तिला वर्गात जायला सांगितलं आणि ती निमूटपणे गेली. एवढ्या निमूटपणे ती कधीच कुठं जात नसे.

माइक खणखणीत चालला. ताईसाहेब मनसोक्त बोलल्या. आमच्या शाळेत काही म्हणजे काही बिघडत नाही, असं मुख्याध्यापकांनी त्यांना दोनदा सांगितलं आणि चहाला व सहीला आपल्या खोलीत नेलं. या खोलीचं दार कायम उघडं असे. खाली लाकडाची पाचर सारलेली. बसल्या जागेवरून व्हरांड्यात कोण पळतंय ते सरांना दिसावं म्हणून. मामा चहा ठेवून बाहेर आले आणि त्यांच्यामागे दार खट्कन लागलं.

थोड्या वेळानं आतून दाराची मूठ खडखडली. मग जोरात खडखडली. मग सरांनी मामांना हाक मारली, आणि ती हाक साधी नव्हती.

बाई धावत आल्या. दाराची मूठ फिरवून पाहिली तर ती गरागरा नुसतीच फिरली. त्या क्षणीच त्यांना कळलं. दोन बाजूंच्या मुठी जोडणारी चौकोनी दांडी आत नव्हती. कुणीतरी ती काढली होती आणि मुठी जिथल्या तिथं परत बसवल्या होत्या. काम इतकं सफाईचं होतं, की बाईंनी आधी स्वतःचेच खिसे चाचपून पाहिले.

मागे पोरं जमली होती. सगळ्यांच्या पुढे पक्कड, हातात स्क्रूड्रायव्हर, चेहऱ्यावर साधुसंतांना लाजवील असा भोळेपणा.

“बाई, मी बघू?”

गुरूची विद्या गुरूला म्हणतात ती हीच. रागवावं की हिचा मुका घ्यावा, हे बाईंना ठरवता येईना. त्या बाजूला सरकल्या आणि म्हणाल्या, “बघ.”

पक्कड फरशीवर पालथी पडली आणि दाराखालच्या फटीतून बोलू लागली. स्क्रू फक्त आतल्या बाजूला आहेत, त्यामुळं काम आतूनच करावं लागेल, असं सांगून तिनं स्क्रूड्रायव्हर आत सरकवला. सरांनी तो घेतला. बराच वेळ करकर ऐकू आली.

“सर, तुम्ही आवळताय,” पक्कड बाहेरून म्हणाली.

व्हरांड्यात हशा पिकला. तेवढ्यात आतून ताईसाहेबांचा आवाज आला, “द्या इकडे.”

मग शिकवणी सुरू झाली. डावीकडे फिरवा. जोर मनगटाचा नको, कोपराचा. निघालेला स्क्रू फरशीवर ठेवू नका, हरवेल, कागदावर ठेवा. कुठला कागद, असं ताईसाहेबांनी विचारलं. हाताशी असेल तो, असं उत्तर गेलं. आता पट्टी काढा, चौकोनी भोक दिसेल, त्यात स्क्रूड्रायव्हरचं टोक घाला आणि हळूच फिरवा.

खट्. दार उघडलं.

ताईसाहेब उंबऱ्यात उभ्या होत्या. बोटं काळी, केस सुटलेले, नाकावर तेलाचा डाग. त्यांच्यासाठी आजवर प्रत्येक दार दुसऱ्या कुणीतरी उघडलं होतं आणि फिती कापायच्या कात्र्यासुद्धा तबकात घालून पुढे आल्या होत्या.

“सर,” त्या म्हणाल्या, “मी उघडलं.” मग बाईंकडे वळून पुन्हा तेच सांगितलं, “मी उघडलं हो.”

बाईंना तो चेहरा ओळखीचा होता. इस्त्री उघडणाऱ्या पोराचा.

गोष्ट इथं संपली असती तर सगळ्यांचं भागलं असतं. पण पक्कडला अर्धं काम कसं चालेल? उघडलं ते परत बसवायचंही असतं, असं म्हणत तिनं खिशातून कागदाची पुडी काढली आणि ताईसाहेबांच्या हातावर ठेवली. वर लिहिलं होतं: ‘सरांच्या दाराची दांडी.’

मुख्याध्यापकांचा चेहरा चषकांसारखा लखलखू लागला.

“ही तुझ्याकडे कशी?”

बाई पुढे झाल्या. “सर, तिला बोलू नका. हे मी शिकवलंय. दीड वर्ष शाळेतलं सगळं मीच बिघडवतेय. पोरांना खरं काम मिळावं म्हणून.”

सर काही बोलणार तेवढ्यात मागून मामा आत शिरले आणि त्यांनी खिशातून लाकडाची पाचर काढून टेबलावर ठेवली. “सकाळी ही पोर माझ्याकडे आली होती. तिला नुसत्या दांडीनं काय होणार होतं? दार तर उघडंच असतं. पाचर मी काढली.”

ताईसाहेबांनी पुडीवरचं अक्षर वाचलं, पाचर पाहिली आणि मग टेबलावरचा ठराव उचलला. त्यावर तेलकट स्क्रू ओळीनं मांडलेले होते आणि सहीच्या जागी मोठा काळा डाग पडला होता. त्यांनी तो कागद स्क्रूंसकट दुमडून नीट पुडी केली आणि पक्कडच्या शेजारी फरशीवर बसकण मारली.

“सर, चषक आहेत तिथंच बरे आहेत,” त्या दांडी भोकात बसवत म्हणाल्या. “आणि बाई, पुढचा बिघाड काय असेल ते मला सांगू नका. फक्त बोलवा.”

मुख्याध्यापकांनी रुमाल काढला आणि दुसरं काही सुचेना म्हणून दाराची मूठ पुसली.

बाईंनी त्या दिवशी मनोमन कानाला खडा लावला. मामांचं मन दुखावलं होतं, ते त्यांना सलत होतं. यापुढं शाळेतल्या कुठल्याही वस्तूला हात लावायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरायची वेळ झाली तरी घंटा होईना. बाई धावतच घंटेपाशी गेल्या.

मामा तिथंच उभे होते, हाताची घडी घालून. घंटा टांगलेली होती, पण आतला लोलक गायब.

“चोर आला वाटतं, बाई,” मामा म्हणाले. “पोरांना बोलवा लवकर.”

त्यांच्या शर्टाच्या खिशातून कागदाची एक जाडजूड पुडी डोकावत होती.