स्वोर्ड्सचे कॉइलकाका

कोणताही बिघडलेला वेप, म्हणजे ई-सिगारेट, हातात आला की कॉइलकाका आधी त्याचा वास घ्यायचे. बटण दाबून बघणं नंतर. डोळे मिटायचे आणि एकच शब्द बोलायचे. "करपलीय" म्हणजे लिक्विड तापवणारी आतली कॉइल कोरडी पडून जळली. "बुडालीय" म्हणजे तिच्यात नको इतकं लिक्विड शिरलं, म्हणून वेप गुरगुरतोय. निदान सहसा चुकायचं नाही.

काका डब्लिनजवळच्या स्वोर्ड्सला राहायचे आणि वैद्यकीय उपकरणांच्या एका कारखान्यात इंजिनिअर होते. डब्लिनला एमएस्सी करून मी त्याच कारखान्यात नोकरीला लागले. वीस वर्षं ओढलेली सिगारेट त्यांनी वेपच्या आधाराने सोडली होती. तेव्हापासून ओळखीतल्या कुणाचाही वेप बंद पडला, की तो शनिवारी दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर येऊन पडायचा. काकूंनी त्यांच्या सामानासाठी एक प्रेस मोकळी करून दिली होती. कपाटाला प्रेस म्हणायला त्या इथेच शिकल्या. बाकीच्या प्रेसना हात लावायचा नाही, अशी ताकीद होती. घरभर स्ट्रॉबेरीचा वास आणि खायला एक स्ट्रॉबेरी नाही, ही त्यांची कायमची तक्रार.

लोक फेकायच्या तयारीने वेप घेऊन यायचे. काका बॅटरी काढून तिची टोकं कोरड्या कापसाने पुसायचे, बटण पाच वेळा दाबून लॉक उघडायचे, आणि मेलेला वेप उजेड द्यायचा. इथल्या आयरिश लोकांसारखं "ग्रँड," म्हणजे झकास, म्हणून तो परत हातात. नवीन कॉइल घातली तर मात्र ते लगेच ओढू द्यायचे नाहीत. "दहा मिनिटं तिला भिजू दे. तोवर चहा घे." अर्ध्या कॉइल माणसांच्या घाईने जळतात, असं त्यांचं मत होतं. आवाज चढलेला मी एकदाच ऐकला. आमच्यातल्या एकाने वरचं वेष्टण फाटलेली सुटी बॅटरी किल्ल्यांबरोबर खिशात घालून आणली होती. किल्ल्यांना लागून ती खिशातच पेट घेईल, म्हणून काकांनी ती काढून घेतली आणि त्याने कितीही मागितली तरी परत दिली नाही.

मी पुण्याला हॉस्टेलवर असताना सिगारेट ओढायला लागले होते. दिवसाला दहा-बारा. घरी कुणाला माहीत नव्हतं. काकांना सांगितलं तेव्हा मुलगी असून वगैरे ऐकायची मनाची तयारी करून गेले होते. त्यांनी एवढंच विचारलं, की दिवसातली कुठली सोडणं सगळ्यात जड जातं. मी म्हटलं, सकाळची पहिली. त्यावरून त्यांनी लिक्विड किती कडक हवं ते ठरवलं. तीन महिने मी सिगारेटला शिवले नाही.

मग फेब्रुवारीत बाबांची अँजिओप्लास्टी झाली आणि मला जाता आलं नाही. कारखान्याच्या पार्किंगमागे मी पुन्हा ओढायला लागले. वेप बिघडलाय, असं सगळ्यांना सांगत होते. शनिवारी तो काकांपुढे ठेवला. त्यांनी वास घेतला, पण नेहमीचा तो एक शब्द बोलले नाहीत. काकू समोरच भाजी चिरत होत्या. काकांनी बटण पाच वेळा दाबलं, दिवा लागला. "चालतोय," एवढंच म्हणाले, आणि मला सोडायला बसस्टॉपपर्यंत आले.

तिथे म्हणाले, "गेल्या शनिवारी टाकी मीच भरली होती. थेंबसुद्धा कमी झालेला नाही."

मी रडायलाच लागले. बाबांचं सगळं सांगितलं. समोरून दोन बसेस गेल्या, काकांनी एकीलाही हात केला नाही. मग हळूच म्हणाले, "मी काकूला सहा महिने हेच सांगत होतो. माझं मशीन तर रोज बिघडायचं." बस आली तेव्हा म्हणाले, "पुन्हा ओढावीशी वाटली तर मला फोन कर. कामात असलो तरी कर."

मी केला. तिसऱ्याच दिवशी, पार्किंगमधूनच. सिगारेटचा विषय त्यांनी काढला नाही. त्यांच्या आईने नाशिकला शेजारणीशी कसं भांडण उकरून काढलं ते सांगत राहिले, आणि ऐकता ऐकता माझी तलफ उतरली. असे किती फोन झाले असतील. दर दीड-दोन महिन्यांनी ते निकोटीन थोडं उतरवत गेले. वर्षभराने मी वेपही खाली ठेवला. त्यांना स्वतःला मात्र तो सुटला नव्हता.

मागच्या शरद ऋतूत ते आईजवळ राहायला कायमचे नाशिकला गेले. तिकडे वेपवर बंदी, म्हणून बॅटऱ्या इथल्या पुनर्वापर केंद्रात जमा करून आले, प्रेस रिकामी केली. विमानतळावर काकू पुढे गेल्यावर त्यांनी संकोचून विचारलं, "आता मी फोन केला तर उचलशील ना?" या माणसाचे उपकार कसे फेडायचे, हा माझा प्रश्न त्यांनी असा सोडवला.

गेल्या आठवड्यात मी कामावर असताना फोन आला. पलीकडे रिक्षांचे हॉर्न.

"पानाच्या टपरीसमोर उभा आहे," काका म्हणाले.

मी मशीन बंद करून बाहेर आले. इथल्या पावसाचं, नव्या मॅनेजरचं, बाबा आता रोज चालायला जातात त्याचं सांगत सुटले. हळूहळू हॉर्न मागे पडत गेले. त्यांच्या घराचं फाटक वाजेपर्यंत मी बोलत राहिले.