बैल दिसला की चपला

पाटीकाका कुठल्याही प्रवासात उतरायच्या बरंच आधी चपला घालून बसत. टेंपोत बसलं की आधी त्या काढून पाय वर घ्यायचे, आणि अर्ध्या वाटेतच काहीतरी आठवल्यासारखं करून पुन्हा पायांनी चाचपत शोधायच्या. मग पिशवी मांडीवर घेऊन, तिच्यावर हात ठेवून दाराकडे बघत राहायचं. सारनाथ अजून लांब असायचं. आई हसून विचारायची, "काय काका, बैल दिसला वाटतं?"

हा बैल सिमेंटचा होता. साताऱ्याच्या रस्त्यावर डोंगर उतरून खाली आलं की एक रसवंती लागायची, तिच्या दारात तो उभा असे. एक शिंग मोडलेलं, अंगाला दर उन्हाळ्यात नवा पांढरा रंग. एसटीतून तो दिसला की चपला घालायच्या, फळीवरची पिशवी काढायची आणि पुढच्या वळणावर गावाची कमान: 'आपले सहर्ष स्वागत'. काका त्या कमानीच्या आतले. रेल्वेच्या नोकरीने त्यांना बनारसच्या पार्सल ऑफिसात आणून टाकलं, लग्न राहून गेलं, आणि ब्रह्मा घाटावर आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत ते राहिले. मी इथेच जन्मले. सातारा मी पाहिलेला नाही, पण तो रस्ता मला पाठ आहे. संध्याकाळी पायऱ्यांवर बसून काका तो म्हणायचे, पलीकडे पाठशाळेतली मुलं संहिता म्हणत त्याच संथ सुरात: "वाहने सावकाश हाका. पुढे वळण आहे. गरम भजी मिळतील. बैल. कमान."

त्यांच्या खोलीत भिंतीला एकही खिळा नव्हता. कॅलेंडर खुर्चीवर टेकवलेलं, सदरे खाटेच्या दांडीवर, कापडी पिशवी दाराशी जमिनीवर. आई म्हणायची, मी देते खिळे, ठोका दोन-चार. काका म्हणत, "कशाला वहिनी? निघताना भोकं राहतात." काशीत मरण येणं भाग्याचं, हे आमच्या गल्लीत येता-जाता ऐकवलं जातं. काकांना त्याचा राग येत नसे, कंटाळा येई. "मी इथं नोकरीला आलोय," ते म्हणायचे, "मरायला नाही. रिटायर झालो की गावी."

मला हे फार पटायचं. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. हुंड्याविरुद्ध, जातीविरुद्ध वडिलांनी छापून आणलेल्या गठ्ठ्यांवर बसून मी अक्षरं शिकले, आणि कॉलेजात गेल्यावर स्वतः लिहू लागले. माझा पहिला शत्रू आमच्याच घराच्या खालच्या मजल्यावर होता: गुरुजी. ते पाठशाळेत वेद शिकवत आणि महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे विधी करत. दुःखात असलेल्या माणसाकडून दक्षिणा घेण्यावर मी लिहिलं, ते सगळ्यात आधी त्यांच्याच दाराखालून सरकवलं. शिवाय ते चामड्याला शिवत नसत. काकांच्या चपला जिन्यात दिसल्या की काठीच्या टोकाने बाजूला सारायचे. त्यावरही मी एक पत्रक काढलं. काका मला 'पत्रके बाई' म्हणू लागले ते तेव्हापासून.

एका वर्षी गल्लीतल्या मंडळींनी गणपतीसाठी कमान उभारायचं ठरवलं. काका म्हणाले, कमान चार दिवसांची, आपण कायमची पाटी करू. पत्रा, निळा रंग, पांढरी अक्षरं, सगळं त्यांनी स्वतः केलं. गल्लीच्या तोंडाशी मराठीत पाटी लागली: 'ब्रह्मा घाट आपले सहर्ष स्वागत करीत आहे'. अक्षरं अगदी गावच्या कमानीसारखी, उजवीकडे किंचित उतरलेली. त्या दिवसापासून गल्ली त्यांना पाटीकाका म्हणू लागली. मी म्हटलं, "काका, इतकी जागा आहे तर खाली 'यात्रेकरूंनो, फसू नका' असं लिहा."

"पाहुण्याला दारातच भांडण वाचायला देऊ नये, पत्रके बाई."

"मग खोटं स्वागत द्यायचं?"

"खोटं का? चहा देतो की मी."

आणि ते खरंच देत. नाक्यावरचा रिक्षावाला रोज ती पाटी बघायचा. एकदा त्याने विचारलं, "चाचा, ई का लिखल हौ?" काका आपल्या साताऱ्याच्या हिंदीत म्हणाले, "लिखा है, आ गए, अच्छा हुआ."

पाटी लागून फार दिवस झाले नव्हते. काका ड्यूटीवरून परतत होते आणि मी त्यांच्याबरोबर होते. पाटीखाली एक बाई उभी होती. मुलगा सोबत, आणि तिच्या हातात लाल फडक्यात बांधलेला अस्थींचा कलश. परक्या गावात आपली अक्षरं दिसली म्हणून ती मोठ्याने वाचत होती. 'सहर्ष'पाशी थांबली. पुढे वाचलं नाही. पदराने तोंड पुसलं आणि मुलाला म्हणाली, "चल, हीच गल्ली." काका जागच्या जागी उभे राहिले. इतकी वर्षं ते या गल्लीत राहत होते, माणसं इथे कशाला येतात ते त्यांना माहीत होतं, पण पाटी लिहिताना त्यांच्या डोळ्यांसमोर बैल होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी त्या एका शब्दावर निळा रंग फिरवला. निळ्याची छटा जुळली नाही, तो डाग अजूनही दिसतो. गुरुजी खाली उभे राहून बघत होते. "अहो, मागची बाजू कोरीच ठेवलीत," ते थट्टेने म्हणाले. "तुमच्याकडे गावाबाहेर पडताना 'पुन्हा या' असतं ना? लिहा की."

"पुन्हा यायचं तर त्यांच्या घरात आणखी एक माणूस जायला हवा, गुरुजी."

मागची बाजू कोरी राहिली.

काका निवृत्त झाले तेव्हा आम्ही सगळे स्टेशनवर गेलो. सामान असं काही नव्हतंच. खोलीची भिंत त्यांनी जशी घेतली तशी घरमालकाला दाखवली. गुरुजींनी प्रवासाला दशम्या दिल्या, मी एक नवं पत्रक दिलं. ते त्यांनी घडी घालून खिशात ठेवलं.

महिना झाला नसेल, आणि काका परत आले; खोल्या अजून रिकाम्याच होत्या. झालं ते त्यांनी पायऱ्यांवर बसून तुकड्यातुकड्याने सांगितलं. एसटीत ते खिडकीशी बसले होते, चपला काढून. बैलाची वाट बघत. रस्ता रुंद झाला होता, रसवंती नव्हती, बैल नव्हता, कमानही रस्त्याच्या कामात गेली होती. ते वाट बघत राहिले आणि गाव मागे पडलं. तालुक्याच्या स्टँडवर कंडक्टर म्हणाला, "आजोबा, उतरा, गाडी इथवरच." जन्माचं गाव, आणि ते रस्ता विचारत मागे चालत आले. पुतण्याने चांगलं केलं, गादी घातली, पुरणपोळी केली. जेवताना त्याने सहज विचारलं, "काका, किती दिवस आहात?"

"वाईट नव्हतं त्याच्या मनात," काका म्हणाले. "पाहुण्याला विचारतातच."

आणि बनारसला गल्लीच्या तोंडाशी उतरले, तर रिक्षावाल्याने पिशवी हातातून घेतली. "आ गइला चाचा? नीक भयल." आलात, बरं झालं.

मी पेटून उठले होते. रस्त्यांबद्दल, पुतण्यांबद्दल, बदल्यांबद्दल माझ्या डोक्यात एक लांबलचक पत्रक तयार होत होतं. काकांनी ते चेहऱ्यावरच वाचलं असावं. "राहू दे बाई," ते म्हणाले. "दमलोय मी. वहिनींकडून एक खिळा आण." तो त्यांनी दाराशेजारी स्वतः ठोकला. थोडं प्लास्टर पडलं. मग त्यांनी पिशवी उचलून खिळ्याला अडकवली आणि खाटेवर बसून तिच्याकडे बघत राहिले. पायऱ्यांवर बसून रस्ता म्हणणं त्यानंतर बंद झालं. रस्त्याविरुद्धचं ते पत्रक मीही कधी लिहिलं नाही. कोणाच्या दाराखालून सरकवणार होते?

शेवटच्या आजारात ते फार बोलत नव्हते. त्या दुपारी आई उशाशी होती, मी पायाशी. गुरुजी गंगाजल आणि तुळस घेऊन आले होते. मला ते आवडलेलं नव्हतं, आणि मी तसं बोलणारही होते. तेवढ्यात काका पाय खाली सोडायला बघू लागले. पाय जमिनीवर काहीतरी चाचपत होते.

"काय हवंय, काका?"

"चपला," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "दिसला."

आईने त्यांना उठवून बसवलं आणि तोंड फिरवलं. मी दाराशी जाऊन चपला आणल्या. एक कशीबशी घातली, दुसरी सुजलेल्या पायात जाईना. गुरुजींनी गंगाजलाची लोटी खाली ठेवली. जमिनीवर बसले, माझ्या हातातून चप्पल घेतली, तिच्यावरची धूळ उपरण्याने पुसली, आणि काकांचा अंगठा हलकेच आत सारून पट्टा नीट बसवला. मग उठून त्यांनी खिळ्याची पिशवी काढली आणि काकांच्या मांडीवर ठेवली.

काकांनी तिच्यावर हात ठेवला आणि ते दाराकडे बघत राहिले.