सुनंदाताई, मशीन अन् आम्ही बाया

सुनंदाताई गेल्या त्याला आज वर्ष झालं, अन् मला सकाळपासून हसू येऊन राहिलं.

रडले मागच्या वर्षी. भरपूर. आज त्यांची गंमत सांगते.

पांढुर्ण्याबाहेर, तिगावच्या रस्त्यावर आमचं संत्र्याचं पॅकिंग सेंटर. ताई सावरगावच्या, आमच्या सुपरवायझर. आधी आम्ही बाया ढिगाभोवती बसून हातानं माल छाटायचो. पाठ मोडायची, पण तोंड चालू राहायचं. कोणाच्या पोरीला पाहायला आले, कोणाची सासू काय म्हणाली, सगळं तिथंच.

मग ग्रेडिंगची मशीन आली.

छान मशीन. फळ बेल्टवरून गडगडत जायचं, लहान-मोठं आपोआप वेगळं व्हायचं. वाकणं संपलं.

पण प्रत्येकीला एकच जागा, एकच काम. माझ्याकडे फळावर स्टिकर लावायचं. सकाळी स्टिकर, संध्याकाळी स्टिकर. अंग थकत नव्हतं, तरी घरी गेल्यावर कोणाशी बोलावंसं वाटत नव्हतं.

काहीजणी काम सोडून कापूस वेचायला गेल्या. उन्हात, वाकून!

मालकाला कळेना, एवढी सोय केली तर बाया पळून काहून राहिल्या. त्यानं पंखे लावले. तरी अजून एक गेली.

तेव्हा ताई त्याच्या केबिनमध्ये गेल्या.
"भाऊ, एक दिवस आमच्या रेखाच्या जागी उभे राहून पाहा."

रेखा म्हणजे मी.

मालक मोकळ्या मनाचा. हसत आला, स्टिकर लावू लागला. थोड्या वेळानं मोटर पाहायला निघाला. ताईंनी परत बोलावलं. मग त्याला एक फोन आठवला. परत बोलावलं. आम्ही तोंडात पदर धरून हसत होतो.

जेवणाच्या सुट्टीत तो आमच्यातच बसला. म्हणाला, मशीन काढून टाकू का?

"मशीन राहू द्या, पाठ वाचली आमची," ताई म्हणाल्या. "जागा बदलत्या ठेवा. अन् थांबवाचं बटण बायांच्या हाती द्या."

जागा बदलायला तो लगेच तयार. बटणावर अडला. कोणी उगाच मशीन थांबवली, बाहेर ट्रक उभा राहिला, तर? ताईंनी सांगितलं, जबाबदारी माझी. तेव्हा कुठं तो मानला.

अन् पहिल्याच आठवड्यात बटण दाबलं मी.

सडकं फळ बेल्टवर फुटलं होतं, मागचा माल बरबटत होता. मशीन थांबली. एकदम शांत. ट्रकवाला आत डोकावला. मालक धावत आला.

ताईंनी मालकाला फुटलेलं फळ दाखवलं. फडकं घेऊन बेल्ट पुसला. मग माझ्याकडे वळल्या.

"थांबवली तू. आता चालू बी तूच कर."

केली.

त्या दिवशी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, सासूला सांगितलं, शेजारणीला बोलावून सांगितलं. जेवण थंड झालं.

हळूहळू गेलेल्या बाया परतल्या. आज स्टिकर, उद्या पॅकिंग, परवा मशीन चालवायच्या पॅनलवर. मशीनच्या आवाजात मोठ्यानं गप्पा मारायची अशी सवय लागली की घरचे म्हणतात, ओरडून काहून राहिली?

यंदा कॅमेऱ्यानं फळ पाहून छाटणारी नवीन मशीन येऊन राहिली. ऑर्डर द्यायच्या आधी मालकानं सगळ्या बायांना बसवून विचारलं, कोण कुठं उभं राहील, काय शिकावं लागेल, बटण कुठं पाहिजे.

तुम्ही नव्हत्या, ताई. आम्हीच बोललो.

जमलं.

मनापासून जय भीम, ताई.