आवाज काढून दाखवा

‘‘मावशीला आता घरी बसायला सांगावं लागणार. आणखी एक पार्ट चुकू दे, मग बघतोच.’’

धाकटे शेठ फोनवर कुणाला तरी सांगत होते. मी कॉम्प्युटरमागे बिलं करत बसले होते. माझ्यासमोर लोक काहीही बोलतात, कारण मी त्यावर काही बोलत नाही हे दुकानात सगळ्यांना माहीत आहे. माझे हात की-बोर्डवर तसेच थांबले. खरी भीती वाटली ती पुढच्या गोष्टीची. ज्या मावशीबद्दल हे चाललं होतं, ती शेठपासून हातभर अंतरावर पाठमोरी उभी राहून खुंटीला फॅनबेल्ट अडकवत होती, आणि तिनं मानही वळवली नाही. तिला ऐकूच आलं नव्हतं.

रस्त्यावरच्या सगळ्या ड्रायव्हर-मेकॅनिकांची ती मावशी आणि माझी सख्खी आत्या. कर्जतहून खोपोलीकडे जाताना पळसदरीच्या पुढे शेठचं स्पेअर पार्टचं दुकान आहे. मोठे शेठ होते तेव्हापासून आत्या तिथे काउंटरवर पार्ट विकते. अर्ध्या रायगड जिल्ह्यातल्या पुरुषांना तिनं भर दिवसा, चारचौघांत, तोंडानं गाडी चालवायला लावली आहे, हे मी अजिबात वाढवून सांगत नाही. गिऱ्हाईक येतं आणि ‘‘मावशी, बेअरिंग द्या’’ म्हणतं. आत्या हाताची घडी घालते. ‘‘बेअरिंग ऱ्हाऊ दे. गाडीचा आवाज कसा येतो त्यो काढून दाखव.’’ माणूस खोटं बोलतो, मेकॅनिक त्याहून जास्त बोलतो, पण तोंडानं काढलेला आवाज खोटा नसतो, असं तिचं मत आहे. त्यामुळे आमच्या दुकानात सकाळी कुणी घुरघुरत असतं, कुणी शिट्टी मारत असतं, कुणी गाल फुगवून फटफटत असतं, आणि आत्या डोळे मिटून, देवळात आरती ऐकावी तशी ते सगळं ऐकत असते.

चौकच्या बाजूचे एक जमीनवाले एकदा आले. भाताची खाचरं विकून त्यांनी पांढरीशुभ्र, दुकानात मावणार नाही एवढी गाडी घेतली होती आणि कपडेही गाडीला शोभतील असे पांढरे घातले होते. ‘‘आवाज माझा ड्रायव्हर काढेल,’’ ते म्हणाले. ‘‘त्यो पगारी माणूस, भीत भीत काढंल,’’ आत्या म्हणाली, ‘‘गाडी कुनाची? मग आवाज पन मालकानंच काढायचा.’’ बिचाऱ्यांनी रस्त्यावर ओळखीचं कुणी नाही याची खात्री करून घेतली, रुमाल तोंडाशी धरला आणि त्यातून ‘गुंऽऽ’ असं काहीतरी केलं. ‘‘रुमाल काढा की! दाढ दुखते का गाडी?’’ शेवटी त्यांनी असा काही आवाज लावला की समोरच्या टपरीवरची माणसं चहा घेऊनच बघायला आली. पार्ट घेऊन जाताना मात्र ते गृहस्थ खूप मोकळे वाटले. मला वाटतं, पुष्कळ वर्षांत त्यांना कुणी तोंड उघडून ओरडू दिलं नव्हतं.

शेलूचं एक वऱ्हाड परत जाताना दुकानासमोर अडकलं तेव्हा तर आवाजावरून दोन तट पडले. निम्मे म्हणत ‘खट’, निम्मे म्हणत ‘खट्ट’. आत्यानं त्यांना समोरासमोर उभं केलं आणि आळीपाळीनं म्हणायला लावलं. नवरी गाडीत तोंडावर पदर घेऊन हसत होती. मुंडावळ्या सावरत नवरदेवानं ‘खट्ट’ असा निकाल दिला, नवरदेवाचे मामा ‘खट’वर ठाम राहिले. आत्यानं नवरदेवाच्या बाजूनं पार्ट दिला. तो चुकीचा निघाला. मामा बदलून घ्यायला आले तेव्हा आत्या जराही ओशाळली नाही. ‘‘लग्नाच्या दिवशी नवऱ्याला खोटं पाडायचं नसतंय,’’ एवढंच म्हणाली.

तिला डावं-उजवं कळत नाही. धंद्यात उजव्या बाजूला ड्रायव्हर साईड म्हणतात, डाव्या बाजूला क्लिनर साईड, आणि आत्यानं ही पद्धत घरात, पंगतीत, देवळात सगळीकडे नेली आहे. भिसेगावच्या आमच्या घरी ताटात लोणचं क्लिनर साईडला वाढायचं. डॉक्टरांनी कुठला गुडघा दुखतो म्हणून विचारलं, तर ‘‘क्लिनर साईडचा, चढाला जास्त.’’ बाबा घोरायला लागले की ती पलीकडच्या खोलीतून ओरडायची, ‘‘दादा, नाकात ग्रीस भरायला पायजे तुज्या!’’ आणि मी? मी इंग्लिश मीडियमची, शाळेत विचारल्याशिवाय न बोलायला शिकलेली, आणि मग विचारल्यावरही न बोलणारी. तिनंच मला शेठकडे बिलिंगला चिकटवलं. गिऱ्हाइकांना ओळख करून देताना म्हणायची, ‘‘ही माजी भाची. हिचा सायलेन्सर लई भारी हाय. इंजिन चालू हाय का बंद, तेच कळत नाय.’’ लोक हसायचे. मीही प्रिंटरकडे बघून हसायचे.

बोलत नाही म्हणून मला दिसतं खूप. आत्या आवाज ऐकताना डोळे मिटेनाशी झाली, हे आधी मला दिसलं. ती गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे रोखून बघायला लागली. ‘‘खाली बघून काढू नको रं, माज्याकडं बघ.’’ घरी विनोद झाला की ती सगळ्यांच्या मागून हसायला लागली. फोनवरच्या ऑर्डरी चुकायला लागल्या. खोपोलीच्या एका गॅरेजला भलताच पार्ट गेला, मग नेरळच्या एका टेंपोवाल्याला. दोघांनीही शेठना सुनावलं आणि पुढचा माल दुसरीकडून घेतला. मी एका दुपारी डबा खाताना तिला सरळच विचारलं. तिनं भाकरी मोडून ठेवली. ‘‘क्लिनर साईडचा कान गेलाय,’’ ती म्हणाली, ‘‘ड्रायव्हर साईडला बी जरा धूळ बसलीय. शेठला बोलू नको.’’ कानाचं मशीन तिनं आणलं होतं. ते घातलं की दुकानातला पंखा ट्रकसारखा ऐकू येतो आणि ट्रक येतच नाही, अशी तिची तक्रार होती. मशीन ड्रॉवरमध्ये वायसरांच्या पुड्यांत पडलेलं असायचं. ‘‘काउंटर सुटला तर मी करू काय गं? घरी तुज्या बाबाचा एकच आवाज, त्यो बी मला पाठ झालाय.’’ ती हसली, पण भाकरी तशीच राहिली.

म्हणून त्या सकाळी शेठचं बोलणं ऐकल्यापासून प्रत्येक फोनला मी बिल अर्धं टाकून आत्याकडे बघत होते. शेठ वाईट माणूस नाही. दुकान चालवायचं तर बरोबर पार्ट जायला हवा, हे त्यांचं म्हणणं मलाही खोटं म्हणता येत नव्हतं. ते त्या दिवशी काउंटरपासून हलले नाहीत, आणि आत्या त्यांच्या नजरेखाली उगाच जास्त मोठ्यानं बोलत, जास्त हसत काम करत होती.

दुपारी फोन वाजला. डोंगरातल्या वाडीवर जाणाऱ्या जीपचा ड्रायव्हर होता. बाजार करून परत निघालेल्या बायका गाडीत भरलेल्या, आणि गाडी चढावर खराब झालेली. नेमकं त्याच वाटेनं सिमेंट घेऊन जाणारा एक टेंपो आमच्या दारात उभा होता, इंजिन चालू ठेवून. त्याच्याबरोबर पार्ट गेला तर जीपवाला तिथेच बसवून घेणार होता. दुसरी गाडी त्या बाजूला त्या दिवशी जाणार नव्हती. शेठनी फोन स्पीकरवर टाकला आणि काउंटरवर आत्यासमोर ठेवला.

‘‘घ्या मावशी. विचारा त्याला आवाज.’’

आत्यानं फोनकडे बघितलं. फोनला तोंड नसतं. ‘‘काढ रं बाबा, कसा येतोय?’’ ती म्हणाली.

डोंगरात रेंज कमी, त्यात बायकांचा कलकलाट. पण ड्रायव्हरनं मनापासून काढला. मला स्वच्छ ऐकू आला. आत्या वाकली, ड्रायव्हर साईडचा कान फोनला लावला. ‘‘परत काढ.’’ त्यानं परत काढला. मागून एक बाई ओरडली, ‘‘अरं आसा नाय, आजून किंचाळत होता!’’ आणि तिनं स्वतःच काढून दाखवला. काउंटरवर थांबलेली दोन-तीन गिऱ्हाइकं हसली. आत्याही हसली, सगळ्यांच्या मागून.

‘‘बेअरिंग का क्रॉस, मावशी?’’ शेठनी विचारलं. इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणारा जो लांब दांडा असतो, त्याच्या सांध्याला क्रॉस म्हणतात. चाकाचं बेअरिंग गेलं तर गाडी घुरघुरते, क्रॉस गेला तर चिरकते आणि झटक्याला ठणकते; हा फरक कानानं ओळखणारी दुकानात आत्या एकटीच. ‘‘का दोन्ही पाठवू? दोन्हीच पाठवायचे, तर मग तुम्ही कशाला?’’

बाहेर टेंपोवाल्यानं हॉर्न दिला. आत्याचा हात बेअरिंगच्या खोक्याकडे गेला, थांबला, क्रॉसच्या खोक्याकडे गेला. तो हात मी लहानपणापासून बघतेय, तो कधी असा हवेत थांबलेला मी बघितला नव्हता. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मदत मागितली नाही. नुसतं पाहिलं, पकडलं गेलेलं माणूस बघतं तसं. शेठनी तिच्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, परत तिच्याकडे. त्यांना कळलं. त्यांचा चेहरा रागाचा राहिला नाही, पण त्यांनी फोन उचलायला हात पुढे केला. ‘‘थांब रे, मी दुसऱ्या कुणाला तरी विचारतो,’’ ते फोनमध्ये म्हणाले.

मी उठले. खुर्ची मागे प्रिंटरवर आदळली आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, ज्याची मला जन्मभर भीती वाटत आली आहे. कॉम्प्युटरच्या आडून मी बाहेर आले आणि काउंटरच्या अलीकडे, गिऱ्हाइकांच्या रांगेत, आत्याच्या बरोबर समोर उभी राहिले, तिला माझं तोंड दिसेल अशी. ‘‘मी सांगते तिला,’’ मी म्हणाले. ‘‘मला ऐकू आलाय.’’ माझे कान तापले होते. मी आवाज काढला. इतका बारीक निघाला की तो माझा मलाच ऐकू आला नाही.

‘‘हळू काय काढतेस गं?’’ आत्या म्हणाली. ‘‘जीप हाय का शिलाई मशीन?’’

गिऱ्हाइकं खो-खो हसली. शेठ हसले नाहीत. त्यांनी फोन कापला नव्हता. तो त्यांनी माझ्या हातात दिला आणि आपण दोन पावलं मागे सरकले. ‘‘ऐकतायत रे त्या, नीट काढ परत,’’ ते लांबूनच फोनकडे बघून म्हणाले. ड्रायव्हरनं परत काढला, क्लच सोडतानाचा वेगळा करून दाखवला, बाईनं त्यात आपला मिसळला. आत्या माझ्या तोंडाकडे बघत होती. लहानपणी मी पहिले शब्द बोलत असेन तेव्हाही ती अशीच बघत असेल, असं मला वाटून गेलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि कपाळावर आठी, कामाची. मी श्वास घेतला, तोंड जेवढं उघडतं तेवढं उघडलं, आणि पळसदरीच्या रस्त्यावर भर दुपारी, सगळ्यांसमोर, मोठ्यानं म्हणाले,

‘‘चुईंऽऽक! चुईंऽऽक! चुईंऽऽक! आणि आत्या, क्लच सोडला की टण्ण!’’